दहाची पेज

आमच्या घरात सकाळचं खाणं दोनदा होतं. पहिलं सहाच्या सुमारास, चहा आणि त्यात बुडवायला कडक बटर, बेकरीतले, टोस्टसारखे. त्याला कुणी न्याहारी म्हणत नाही, 'चाय घेतली' एवढंच म्हणतात. खरं खाणं दहाला. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, आणि तोंडाला लावायला घरात असेल ते. निखाऱ्यावर भाजून खोबरेल चोळलेला सुका बांगडा, गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची चटणी, मिठाच्या पाण्यात मुरलेली कैरी, उन्हाळ्यात कच्च्या फणसाची भाजी, पावसात कुळथाची पिठी. सहाला जोत जुंपलं की दहापर्यंत बैलही दमतात आणि माणूसही, म्हणून वेळ दहाची. किनाऱ्यावरही तेच. पहाटे लावलेली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून, मासळीचे वाटे पडेपर्यंत सूर्य हातभर वर आलेला असतो. माणसं ओल्या कपड्यांनीच वाळूत बसून डब्यातली पेज जेवायची. 'जेवायची' हाच शब्द. आमच्याकडे पेज पीत नाहीत, पेज जेवतात.

सिंधुदुर्गात आचऱ्याच्या खाडीजवळ आमचं घर आहे. मी 27 वर्षं बोटीवर फिटर होतो. 2018 साली कायमचा घरी आलो आणि घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायला लागलो. पहिली दोन वर्षं पाहुण्यांना सकाळी काय द्यायचो? कांदेपोहे, उपमा, ऑम्लेट-पाव. एकदा एका बुकिंगवाल्याने सांगितलं म्हणून कॉर्नफ्लेक्सची खोकीही आणली, ती पावसाळ्यात सादळून गेली. पाहुणे पडवीत पोहे खायचे आणि त्याच वेळी आम्ही आत स्वयंपाकघरात पेज जेवायचो, दार लोटून. दार लोटायला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप लोटलं जायचं.

त्या लोटलेल्या दाराचा विचार मला घरी बसून सुचलेला नाही. त्याची सुरुवात भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर झाली, 2006 च्या सप्टेंबरात.

आमची बोट तिथे सुक्या गोदीत चढवली होती, 24 दिवसांसाठी. तळ खरवडायचा, रंग द्यायचा, प्रोपेलरच्या शाफ्टचं काम काढायचं. त्या वर्षीची चतुर्थी माझी समुद्रातच गेली होती आणि मन घराकडे लागलेलं होतं. गोदीत बोट म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा. आपली वीज नाही, आपलं पाणी नाही, बोटीवरचे संडास बंद, गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, अर्धवट चालू. आमचा कुक गोव्याचा होता. एरवी तो दहाच्या चहाच्या सुट्टीत आम्हा कोकणी-गोव्याच्या पोरांसाठी पेजेचा टोप उतरवायचा. इंजिनरूममध्ये 45 अंशांच्या वर तापतं, तिथे चार तास घामाघूम झालेल्या माणसाला मीठ घातलेली कोमट पेज काय करते हे ज्याने अनुभवलं त्यालाच ठाऊक. डोकं जागेवर येतं, पायातले गोळे सुटतात. गोदीत ते बंद पडलं आणि पहिल्याच दिवशी दहा वाजता मी आणि आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला मदतनीस, गेटाबाहेर पडलो, काही खायला मिळतं का बघायला.

ऑइलर रत्नागिरीकडचा, खाडीपट्ट्यातला कोकणी मुसलमान. आधी आखातात 12 वर्षं काढलेला. गोदीबाहेर बोर्मला नावाचं जुनं गाव आहे, चढणीच्या अरुंद गल्ल्या, पिवळट दगडांची घरं, लाकडी सज्जे. कोपऱ्यावर एक दुकान, आपल्या टपरीपेक्षा थोडं मोठं, आणि आतून लोणी करपल्यासारखा वास. काउंटरवर काळे पत्रे, त्यांवर करंजीच्या आकाराचे खमंग भाजलेले तुकडे. ती पास्तित्सी. पापुद्र्यांची पारी, हाताने ओढून ओढून पातळ केलेली, प्रत्येक थराला स्निग्ध लावलेली, आणि आत दोनच प्रकारची सारणं: रिकोटा चीज किंवा मऊ शिजवलेले वाटाणे. कोणत्यात काय ते न फोडता कळतं. चीजची पास्तित्सी मधोमध मिटलेली असते, वाटाण्याची कडेला. मी वाटाण्याची घेतली. पहिल्याच घासाला पापुद्रे शर्टभर उडाले आणि जीभ भाजली.

बरोबर चहा, काचेच्या ग्लासात, डब्यातलं घट्ट दूध घातलेला. माल्टावर दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांचं राज्य होतं, चहाची सवय त्यांनीच लावली. पण कपबशीतून नव्हे, ग्लासातून पितात. ग्लास वरच्या काठाला दोन बोटांनी धरायचा, आपण धरतो तसाच. मला तो ग्लास हातात आल्यावर कणकवली स्टँडची आठवण झाली.

ऑइलरने मात्र पास्तित्सीला हात लावला नाही. त्यात पूर्वी डुकराची चरबी घालत असत हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो दुकानदाराकडे पाव मागायला गेला आणि तिथे एक गंमत झाली. मागे उभ्या असलेल्या बाईने पावाला जो शब्द वापरला तो याच्या कानाला ओळखीचा लागला, 'होब्झ'. अरबीत खुब्ज म्हणजे पाव. तेलाला 'झेत', अरबीत झैत. याने बोटांवर मोजून दाखवलं, वाहिद, इथ्नैन, थलाथा. दुकानदार हसून म्हणाला, वीहेद, त्नेन, त्लीता. माल्टी भाषा रोमन लिपीत लिहितात, लोक कट्टर कॅथलिक, पण भाषेचा सांगाडा अरबी आहे. नवव्या शतकात अरब तिथे आले, सत्ता दोनेक शतकांनी गेली, भाषा राहिली. पुढचे सगळे दिवस आमच्या अख्ख्या बोटीचा बाजारहाट ऑइलरने केला.

दुकानात कोण येतं ते मी रोज बघायचो, कारण मला ते नवल वाटत होतं. गोदीतले वेल्डर तेलकट डांगऱ्यांत, कामाच्या अंगभर कपड्यांत. शाळेची पोरं. टाय लावलेला, हातात फायलींची बॅग असलेला एकजण, बहुतेक वकील. सगळे एकाच पत्र्यावरची पास्तित्सी उभ्याउभ्या खाणार, खिशातल्या सुट्या नाण्यांत भागणार. तेव्हा तिथे लिरा चालायचा, युरो 2008 ला आला. एखादी वस्तू हातोहात खपली तर माल्टी माणूस म्हणतो, पास्तित्सीसारखी खपली. कुणी तिला गरिबाचं खाणं म्हणून मागच्या दारी ठेवलेली नाही. वलेट्टा या राजधानीत, जिथे क्रूझ बोटींतून युरोपातले श्रीमंत उतरतात, तिथेही तीच पास्तित्सी, तशीच कागदात गुंडाळलेली.

पण माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्याच खाण्याने. शाफ्टच्या कामावर माझ्याबरोबर गोदीचा एक म्हातारा फिटर होता, निवृत्तीला आलेला. इंग्रजी मोडकं, हात मात्र सोन्याचे. त्याला दुकानाची गरज नव्हती. दहाचा भोंगा झाला की तो तेलाच्या पिंपावर बसायचा आणि फडक्यातून पाव काढायचा. जाड सालीचा, आत जाळीदार. तो पाव आंबवणाचा असतो, आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळा विरजणासारखा वापरून केलेला. पावाच्या तुकड्यावर पिकलेला टोमॅटो अर्धा कापून घासलेला, इतका की पाव लाल व्हावा. वर ऑलिव्हचं तेल, मीठ, ऑलिव्ह, डब्यातला ट्यूना, म्हणजे आपला कुपा, आणि केपरच्या कळ्या. ही केपरची झुडपं तिथल्या किल्ल्यांच्या तटांच्या भेगांत उगवतात. कळ्या खुडून मिठात मुरवतात, आपण कैऱ्या मुरवतो तशाच. या सगळ्याला म्हणतात 'होब्झ बिझ-झेत', तेल-पाव. शेतकरी, कोळी, गोदी कामगार, सगळ्यांची पिढ्यान्पिढ्यांची शिदोरी.

तिसऱ्या दिवशी त्याने अर्धा तोडून माझ्यापुढे धरला. म्हणाला, माझा बाप याच गोदीत हेच खायचा, आजाही. मग त्याने विचारलं, तुझा बाप काय खायचा?

मी म्हटलं, "राईस सूप."

हा शब्द तोंडातून निघाला आणि मला कसंतरी झालं. सूप कसलं? पेजेला सूप म्हणून मी तिला कोट-टाय चढवला होता. त्याने ज्या सरळपणे पाव पुढे केला त्या सरळपणे मला पेज सांगता आली नाही. मग मी पिंपावर बसूनच त्याला नीट सांगितलं. भात उकडून वाळवतात, मग कांडून साल काढतात. शितं मऊ होईपर्यंत भरपूर पाण्यात शिजवतात. फणसाचं पान दुमडून, माडाच्या हिराने टोचून त्याचा चमचा करतात. पानाच्या चमच्यावर तो थांबला. त्याने मला एका जुन्या नकाशाच्या कागदाचा तो दुमडून दाखवायला लावला आणि खिशात ठेवला.

21 सप्टेंबरला गोदी बंद होती. तो त्यांचा स्वातंत्र्यदिन, 1964 चा. आम्ही फेरीने गोझोला गेलो, माल्टाच्या उत्तरेचं धाकटं बेट. तिथे किनाऱ्याच्या खडकात कोरलेली मिठागरं आहेत, चौकोनी चौकोनी, बुद्धिबळाच्या पटासारखी. एक कुटुंब मीठ ओढून ढीग करत होतं. जाडं, किंचित ओलसर, आपल्या शिरोड्याच्या मिठासारखं. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते मी ऑइलरला सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण आमची आई आजही दुकानात 'शिरोड्याचं मीठ' म्हणूनच मागते. गोझोवर मेंढीच्या दुधाचं वाटीएवढं चीज मिळतं, मिरपूड लावून वाळवलेलं. ते आणि पाव खाऊन आम्ही दुपार काढली.

(सिसिलीलाही मी गेलो आहे, ऑगस्ता बंदरात दोनदा. तिथे उन्हाळ्यात सकाळी-सकाळी लोक बर्फाचा मऊ गाळ खातात, बदामाचा नाहीतर लिंबाचा, आणि त्यात गोडसर पाव बुडवतात. पूर्वी एटना ज्वालामुखीवरचा बर्फ उन्हाळ्यापर्यंत साठवून त्यासाठी वापरत. खायला सुंदर. पण त्या न्याहारीवर इंजिनरूममध्ये उतरता येणार नाही.)

पुढची बारा वर्षं बोटीवर गेली आणि या सगळ्याची फक्त आठवण राहिली. मग 2020 आलं. खोल्या बंद, रस्ते बंद, मुंबईहून आलेली माणसं शाळेत ठेवलेली. डिसेंबरात मोबाईलवर बातमी वाचली की माल्टाच्या फ्तीराला युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. फ्तीरा म्हणजे त्याच आंबवलेल्या पिठाचा चपटा, गोल पाव, त्याचेही कामगार असेच तेल-टोमॅटो घालून डबे करतात. मी ती बातमी तीन वेळा वाचली. मला तो पिंपावरचा म्हातारा दिसत होता. त्याच दिवशी बायकोला म्हटलं, परत पाहुणे यायला लागले की त्यांना दहाला पेज वाढायची.

बायको लगेच तयार झाली. अडून बसली ती आई.

"पावण्यांका पेज घालतंस? लोक काय म्हणतीत?"

मी युनेस्को सांगितलं, माल्टा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं ते मला साठीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. लग्नाआधी ती दुसऱ्यांच्या मळ्यात लावणीला जायची. मजुरीत पैसे थोडे आणि दहाची पेज. ती पेज मालकाच्या घरात शिजायची, पण मजुरांसाठी वेगळ्या टोपात. आत पाणीच जास्त, शितं शोधावी लागायची. ती बांधावर बसून जेवायची, मालकाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात नाही. "पेज पिऊन दिवस काढले" हे आमच्याकडे उगीच म्हणत नाहीत. तिच्यासाठी पेज म्हणजे तो बांध होता. तिने आयुष्यभर आम्हाला घट्ट पेज वाढली, चमचा उभा राहील अशी, त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं.

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

2021 च्या नोव्हेंबरात पुण्याचं एक कुटुंब आलं, चार माणसं. मी आदल्या रात्रीच विचारून घेतलं होतं. सकाळी साडेसातला त्यांना चहा-बटर दिलं, ती मालवणला स्कूबाला गेली, दहाला परतणार होती. बायकोने टोप चढवला. पण घाई झाली, तांदूळ पुरता फुलला नाही, आणि पाणी वेगळं, शितं वेगळी अशी पेज झाली. पडवीत वाडगे मांडले जात होते तेवढ्यात आई आतून आली, टोपात डाव घालून बघितलं आणि तिचा आवाज चढला.

"असली पेज पावण्यांका वाढतल्यात? आधी आग वाढवा!"

आणि तिने पदर खोचून चूल हातात घेतली. पाव तास पाहुण्यांना थांबवलं. मूठभर शितं वाडग्यात काढून, डावाच्या पाठीने चेचून परत टोपात सोडली, त्याने पाणी दाटतं. बांगडा तिने स्वतः भाजला, कारण बायको तो गॅसवर भाजत होती. मग वाडगे भरून स्वतःच्या हाताने पडवीत नेले. वाकून एकेकापुढे ठेवताना मी तिला बघत होतो. वाढून झाल्यावर ती आत गेली नाही. पडवीच्या कठड्याला टेकून उभी राहिली, शेवटचा वाडगा रिकामा होईपर्यंत.

समुद्रातून आलेल्या माणसाला पेज किती लागते हे मला तेव्हा दिसलं. खाऱ्या पाण्याने तोंड आंबलेलं असतं, हातपाय गळाठलेले, पोटात तळकट नको वाटतं. त्यांतल्या वडिलांनी तीनदा घेतली. धाकट्या मुलाला आवडली नाही, त्याला आम्ही घावन घालून दिलं गूळ-खोबऱ्याबरोबर. असं होतंच. दर आठ-दहा माणसांत एखाद्याला पेज रुचत नाही, त्याच्यासाठी घावनाचं पीठ भिजवलेलं असतं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ रविवारी. पोहे मी बंद केले. पोह्यांशी माझं वैर नाही, पण पोहे खायला इतका घाट उतरून कशाला यायचं?

विचारणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. उकड्या तांदळाला 'जाडा' म्हणून नाक मुरडू नये. भात साळीसकट उकडताना कोंड्याजवळचं ब-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे गिरणीत कांडलं तरी पांढऱ्या तांदळासारखं सगळं कोंड्याबरोबर जात नाही. ज्यांनी ही रीत काढली त्यांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण कुठल्या तांदळावर जोत धरवतं हे माहीत होतं.

बाजारातला उकडा मला पटत नाही, बराचसा बाहेरून येतो. त्यामुळे भातशेतीचा खालचा कोपरा, जो मी बोटीवर असताना पडीक गेला होता, तो गेली तीन वर्षं पुन्हा लावतो आहोत. लावणीच्या बायकांना दहाची पेज आमच्याच टोपातली असते आणि पडवीतच. ते आईने ठरवलं आहे, त्यात कुणी बोलायचं नाही.

ऑइलरचा गेल्या महिन्यात फोन आला होता. तो त्याच्या गावी असतो, गुडघे गेले आहेत. म्हणाला, सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट खातो, पण अजून कधीकधी टोमॅटो घासतो पावावर. मी त्याला बोलावलं आहे.

भात आता पोटरीत आलंय, कणसं फुटायच्या बेतात. कापणी होऊन झोडून झालं की दिवाळीनंतर उकडायला काढू. संध्याकाळी मोठ्या भाणात भाताला एक उकळी आणायची, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचं, पहाटे पाणी काढून पुन्हा वाफ द्यायची, साळ तडकली की खळ्यात पसरायचं. तो वास वाडीभर जातो. ज्यांना बघायचं असेल त्यांनी आदल्या रात्री मुक्कामाला यावं आणि पहाटे पाचला उठावं. चूल परसात असते, विहिरीच्या बाजूला.